बेचाळिसावी पट्टी

"पट्टी कोन धरनार? तुहा बाप?"

बाबा देवाभाऊवर असा ओरडला, अन् मंग त्याच्याच ध्यानात आलं का देवाभाऊचा बाप तोच हाय. वैनी फिसकन हसली. लग्नाले बारा दिवस नाई झाले अन् नवरी सासऱ्यासमोर हसली म्हनून मायनं तिच्याकडं डोळे काढले, पन मायलेबी हसू आलं. एकटा बाबा हसला नाई. त्याचा उजवा पाय खाटेवरून खाली लोंबून राह्यला होता, गुडघ्यापासून सुजलेला, निंबाचा पाला बांधलेला.

"बाबा, तिकीट निघालं ना," देवाभाऊ म्हने. "सव्वीसले नागपूरहून विमान हाय. लटारूभाऊनं ओढबी सव्वीसलेच ठेवली, त्यात माहा का गुन्हा?"

"मंग विमानाले सांग सत्तावीसले ये."

"एसटी हाय का ते, हात दाखवला का थांबनार?"

"एसटीबी थांबत नाई आजकाल," माय मधातच म्हने.

बाबानं पायावरचा पाला दाबून बसवला.

आमच्या गावचं मोठं जाळं कोना एकाचं नाई. ढिवराची बेचाळीस घरं, बेचाळीस पट्ट्या. ज्याची पट्टी त्याच्या घरी वर्षभर खुंटीले टांगलेली राह्यते. मे महिन्यात तलावाचं पानी छातीइतकं उतरलं का लटारूभाऊ एक दिवस ठरवते. त्याले ओढ म्हनतेत. त्या दिवशी सगळे आपापली पट्टी तलावाच्या पाळीवर, बांधावर, आनतेत, एकीले एक गाठवतेत, अन् या काठापासून त्या काठापर्यंत एकच जाळं होते. ज्याची पट्टी त्याचाच मानूस तिच्यामागं पान्यात उभा राह्यते. पट्टी नाई आली, नाईतर पट्टीमागं मानूस नाई आला, तर ते घर ओढीतून गेलं. पुढच्या वर्षी हातपाय जोडले तरी घेत नाईत. मंगरूचं घर असंच गेलं. आता मंगरूचा पोरगा काठावर उभा राहून दुसऱ्याच्या मासोळ्या टोपल्यात भरते, अन् कोनी "ये मंगरूवाल्या, बर्फ आन" म्हनलं का पळते.

बाबाचा पाय पान्यात जाऊ शकत नाई. देवाभाऊ चालला परदेशात. राह्यलो मी.

"मी धरतो पट्टी," मी म्हनलं.

बाबानं माह्याकडं पाह्यलं. मंग तो हसला. इतक्या वेळचं रोखून धरलेलं हसू हसला.

"तू? तू शाळा धरली का? दहावीत मास्तरले ढकलून आला. बिरजूच्या गॅरेजात लागला तर तिथी पाना फेकून मारला. ओढीत चार घंटे एका जागी उभं राहा लागते बावा. पायाले जळू लागली तरी हालता येत नाई. तू हाललास का तुह्या फटीतून सगळ्या गावाची मासोळी जाईन."

माह्या कानात गरम झालं. अंगनात मायनं मातीचे गोळे वाळत घातले होते, भाजून पट्टीच्या खालच्या दोराले बांधाचे, जाळं तळाले टेकाले. मी त्या घमेल्याले लाथ मारली. पाच-सहा फुटले.

"नोको मले तुमची पट्टी! मी घुग्घुसले जातो, ट्रकवर क्लीनर होतो! आठ दिवसानं मीबी दिसत नाई तुमाले!"

"जा," बाबा म्हने. बस, तेवढंच.

मी रस्त्यावर निघून गेलो. तिथी ऊन इतकं होतं का डांबर चपलेले चिकटून राह्यलं होतं. पानठेल्यापर्यंत गेलो अन् वापस आलो, कारन टोपी इसरलो होतो. वापस आलो तर वैनी फुटलेल्या गोळ्यांची माती पान्यात कालवून राह्यली होती.

"भाऊजी, हात धुऊन या," ती म्हने. "तुमीच फोडले, तुमीच वळा."

ही आमची डिंपलवैनी. वैनगंगेच्या काठची, नदीवाली. आमी तलाववाले. नदीवाले आमाले 'डबक्याचे ढिवर' म्हनतेत. लग्नात दोन्हीकडच्या बायांनी त्याच्यावरच गाने म्हनले. पोरगी पाह्यले गेलो तवा देवाभाऊनं पोह्याच्या पयलेच इचारलं, "पासपोर्ट काढाची तयारी हाय का?" तिचा बाप गांगरला. वैनी आतून म्हने, "कुठी जा लागते ते तं सांगा पयले." "युगांडा." "तिथी पानी हाय का?" "समुद्रासारखा तलाव हाय." "मंग हो," ती म्हने. अशी पोट्टी म्या पाह्यली नव्हती. मंग पोहे आले.

देवाभाऊनं तीन वर्ष मासोळीच्या बीज केंद्रात रोजीनं काम केलं. नागपूरच्या एका शेठचे युगांडात मासोळीचे टाके हायत. शेठनं फोनवर इचारलं, मादी अंडे देनार हाय हे कसं वळखतो? देवाभाऊ म्हने, पोटाले हात लावून. शेठ म्हने, अन् मशीन नसलं तर? देवाभाऊ म्हने, मी मशीनबद्दल कुठी बोललो? चार दिवसानं कागद आले. राहाले खोली, बायकोले घेऊन या. आता पाहा, पन्नास कोसाच्या बाहेर न गेलेला मानूस, अन् डायरेक्ट आफ्रिका.

सगळ्या गावाले जनू ताप चढला होता. पोट्टे दाराशी येऊन इचारत, "वैनी, तिथी वाघ हाय का?"

"वाघ नाई, सिंह हाय."

"मंग भेव नाई वाटत?"

"इथी सरपनाले जातो तवा वाघ मांगून चालते," वैनी म्हने. "सिंह तं टीव्हीवर सारा दिवस झोपलेलाच दिसते."

पिवळ्या तापाची सुई घेतली तवा तिचा दंड सुजला होता. तो दंड ती बायांना असा दाखवे, जसा सोन्याचा बाजूबंद हाय. देवाभाऊनं चामोर्शीच्या बाजारातून जाकीट आनलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री. घालून पाह्यलं अन् काढाची चेन अडकली. दहा मिनिटं तो जाकिटात शिजला, मी अन् वैनी दोन्हीकडून ओढून राह्यलो, माय हसू हसू भिताडाले टेकली.

बाबा मातर देवाभाऊसंग बोलेना. जेवाले बसला का पाठ करून बसे.

दुपारी वैनी पट्टी उतरवून वसरीत पसरे अन् फाटकं शिवाले बसे. बांबूची सुई तिची सोताची होती, माहेराहून आनलेली, घासून घासून तेलकट झालेली. तिचे हात चालत तवा सुई दिसतच नव्हती. मी बाजूले बसलो. पयल्या दिवशी म्या दहा गाठी मारल्या, तिनं नऊ उसवल्या.

"रागानं मारता तुमी गाठ. वरून घट्ट दिसते, अंदरून सुटून जाते. दोरा ओढा अन् बोटाले इचारा, बसली का म्हनून."

"बोट बोलते का?"

"माहं बोलते. तुमचं मुकं हाय काय?"

म्या सुई फेकली. ती उचलून तिनं माह्याच मांडीवर ठेवली, अन् बाहेरच्या बकरीले हाकलाले गेली, जसं काई झालंच नाई. दुसऱ्या दिवशी चार उसवल्या. पाचव्या दिवशी एकबी नाई. बाबा खाटेवर तिकडं तोंड करून पडला होता. म्या ओरडून म्हनलं, "वैनी, आज एकबी नाई उसवली ना?" बाबाचा पाय हालला. पन तोंड फिरलं नाई.

मायनं नवे गोळे भाजले. एकशे आठ मी बांधले, बोटाले घट्टे पडले. आता पट्टी खुंटीले टांगली का खाली गोळे एकमेकावर वाजत, कट कट कट, दारातून वारा आला तरी.

पंचवीस तारखेले बॅग भरली. तेवीस किलोच्यावर चालत नाई. रेशन दुकानाचा काटा देवाभाऊनं अंगनात आनला अन् अर्धं गाव काट्याभवती जमा झालं. पयल्यांदा सत्तावीस. मायनं सुकसीचे दोन डबे टाकले होते, सुकवलेली मासोळी, वासानं कुत्रे आंगनात आलेले. तांदूळ टाकले होते.

"माय, तिथी तांदूळ भेटते."

"असा भेटते का? हा आपला."

तांदूळ निघाले. एक डबा सुकसी निघाली. वैनीनं आपल्या तीन साड्या काढून मायच्या पेटीत ठेवल्या. माय कुकर मातर काढू देईना. लग्नात मामानं देलेला, पाच लिटरचा, अजून कागदात गुंडाळलेला.

"पोरगी तिथी भात कशात शिजवनार? विमानात?"

"तेवीस!" काट्यावालं पोट्टं ओरडलं, अन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोनी मासोळी तोलताना वाजवत नाईत अशा.

सव्वीसले सकाळी साडेपाचले मुक्कामी गाडी सुटते. ड्रायव्हर रातभर गावातच झोपते, त्याले म्याच उठवलं. बाया आल्या, कुकू लावलं, नारळ झाला. माय रडली, वैनी रडली, मंग दोघीबी एकमेकीचे नाक पुसून हसल्या. देवाभाऊनं जाकीट घातलंच. बाबा काठी टेकत दारापर्यंत आला. देवाभाऊनं पाय धरले. बाबानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पन बोलला नाई. ठेवला तो मातर बराच वेळ ठेवला. गाडीनं हॉर्न मारला तरी.

म्या बॅग टपावर चढवली. अंदर काईतरी वाजलं, कट कट. मले वाटलं कुकरचं झाकन.

गाडी गेली. धूळ बसली. आता मी तोंड धुतलं, चहा पेलो. पाळीवर लोक जमा होऊन राह्यले होते, आवाज घरापर्यंत येऊन राह्यला होता. म्या कोनाले सांगतलं नव्हतं. मले बाबाले पाळीवरच दाखवाचं होतं. सात वाजता मी पट्टी घ्याले अंदर गेलो.

खुंटी खाली होती.

खाली पाह्यलं, दाराच्या मागं पाह्यलं. खाटेखाली वाकलो तर तिथी कागदात गुंडाळलेला कुकर.

"माय, हा कुकर इथी कसा?"

माय आली. तिनं कुकर पाह्यला, मंग खुंटी पाह्यली, मंग बाबाकडं पाह्यलं. बाबा खाटेवर बसून बिडी पेटवून राह्यला होता. काडी दोनदा इझली.

"पट्टी कुठी हाय जी?" मायनं इचारलं.

"देल्ली."

"कोनाले?"

"ज्याच्या हाताले शोभते त्याले. काल सगळे जेवत होते तवा म्या बॅगेत टाकली. कुकर काढला. वजन सारखंच हाय, म्या हातावर तोललं." बाबा धूर सोडून म्हने, "ढिवराचा पोरगा खाली हातानं पान्यावर जात नाई. तो दूरच्या पान्यावर चालला. तिथी धरन तो."

"अन् इथी?" म्या ओरडलो. "इथी मी नाई का?"

"तू घुग्घुसले चालला ना."

म्हने इतक्या सहज, जसं मी बाजारात चाललो. माह्या तोंडात शिवी आली होती. ती बापाले द्याची होती का मले सोतालेच, मले समजलं नाई. घमेल्याले लाथ म्याच मारली होती. आठ दिवस गाठी मारल्या, गोळे बांधले, पन 'मी जात नाई' हे तोंडानं एकदाबी बोललो नव्हतो. मले वाटलं दिसते त्याले. त्याले पाठीवर डोळे होते का?

"गडचिरोलीहून नागपूरची गाडी कितीले हाय?" म्या इचारलं.

"सव्वाआठ," माय म्हने. अन् मी दारातून निघतच होतो तं तिनं मांगून येऊन कुकर माह्या छातीवर दाबला. "हा घेऊन जा. पोरगी भात कशात शिजवनार?"

बिरजूच्या मोटरसायकलची चावी म्या मांगतली नाई, घेतली. पाना मारल्यापासून तो माह्यासंग बोलत नव्हता. पन कुकर पोटाशी दोरीनं बांधलेला पाहून त्यानंच टाकीचं झाकन उघडून पेट्रोल पाह्यलं अन् म्हने, "जाय. तिसऱ्या गिअरमंदी धक्का मारते, ध्यान ठेव."

चामोर्शीपर्यंत म्या ब्रेकले पाय लावला नाई. दोन्हीकडं धानाच्या रिकाम्या बांध्या, फुटलेल्या जमिनीच्या. वारा असा गरम जसा कोनी चुलीत फुंकून राह्यलं. तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन बाया सायकलीवर चालल्या होत्या, मी हॉर्न मारला तं एक म्हने, "पोटात कुकर घेऊन कुठी चालला रे, शिट्टी झाली का?" दुसरा दिवस असता तं थांबून भांडलो असतो.

आठ वाजून पाच मिनिटं. गडचिरोलीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागलेली. देवाभाऊ जाकिटात, बॅग पायाशी, वैनी उसाचा रस पेऊन राह्यली.

"बॅग खोल!" म्या ओरडलो.

"का झालं? बाबा बरा हाय ना?"

"बॅग खोल!"

त्यानं चेन ओढली. वरच्या कपड्याखाली पट्टी होती, नीट घडी केलेली, बाबाच्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. एक गोळा फडक्यातून बाहेर लोंबत होता.

देवाभाऊ तिथीच खाली बसला. स्टँडच्या फरशीवर, पानाच्या पिचकाऱ्या होत्या त्या फरशीवर, नव्या जाकिटात.

"बाबानं मले देल्ली?" तो म्हने. "मले? आठ दिवस बोलला नाई, अन् पट्टी देल्ली?"

"चुकून देल्ली. दे इकडं. पाळीवर गाठवनं सुरू झालं."

त्यानं पट्टी छातीशी धरली. एवढा मोठा मानूस, डोळ्यातून धारा. "नाई देत. ही बाबानं माह्या हाती देल्ली हाय. लगन झाल्यावर बाप पोराच्या खांद्यावर पट्टी टाकते, माह्या खांद्यावर टाकली नाई म्हनून मी आठ दिवस जेवलो नाई धड. आता देल्ली तं वापस देऊ?"

"तू तिथी तिले खुंटीले टांगशीन! फोटो काढशीन! इथी घर जाते आपलं!" म्या एक टोक धरलं. त्यानं दुसरं धरलं. लोक पाहून राह्यले. मी मूठ वळली होती, खोटं काऊन बोलू. भावाच्या तोंडावर मारनार होतो, ज्या दिवशी तो परदेशात चालला त्या दिवशी.

"सोडा," वैनी म्हने. दोघांनीबी नाई सोडली.

"फाटली तं आता शिवाले मी इथी नाई," ती म्हने. मंग सोडली.

पट्टी तिच्या हातात गेली. ती माह्यासमोर उभी राह्यली, ओठाले रसाचा फेस.

"भाऊजी, धरनार?"

"हो."

"चार घंटे? जळू लागली तरी?"

"हो म्हनलं ना!"

"असं रागानं नाई."

म्या श्वास घेतला. "धरतो, वैनी."

"घुग्घुस?"

"नाई जात."

"हे तुमच्या बाबाले सांगतलं का?"

मी बुटाकडं पाह्यलं. चपलेकडं, बूट कुठी हाय माह्याजवळ.

"दोघं बापलेक सारखेच मुके," ती म्हने. तिनं पट्टीच्या दोराचा एक गोळा दातानं तोडला, खरंच दातानं, अन् देवाभाऊच्या हातात ठेवला. "हा तुमी घ्या. मायनं वळलेला, मायनं भाजलेला. खिशात मावते." मंग आपल्या पर्समधून बांबूची सुई काढून त्याच्या नाकासमोर नाचवली. "अन् हे पाहा. तिथी दोरा भेटत असनच ना? तिथची पट्टी तिथी विनतो मी. समुद्राएवढा तलाव हाय म्हनता, एक पट्टीनं का होते? दहा विनतो. इथची इथी राहू द्या."

देवाभाऊनं गोळा मुठीत धरला. पाह्यलं तिच्याकडं, जसं लग्नात अंतरपाट खाली आला तवा पाह्यलं होतं, तोंड उघडं. मंग त्यानं वैनीच्या हातातून पट्टी घेतली, उभा झाला, अन् माह्या खांद्यावर टाकली. बाबा टाकते तशी, डाव्या खांद्यावर, गोळे मांगं.

"बाबाच्या बदली," तो म्हने. "नीट धर, बयताडा."

म्या पोटावरचा कुकर सोडून त्याच्या हाती देल्ला.

"ओ कुकरवाले!" कंडक्टर दारातून ओरडला. "नागपूर चला! नाईतर इथीच भात मांडा!"

बॅगेत कुकर बसला, चेन लागली. गाडी मागं झाली, मंग पुढं. वैनी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हात हालवून राह्यली होती, आनंदानं ओरडून राह्यली होती काईतरी, आयकू आलं नाई. मी गाडीमागं धावलो नाई. मले उलट्या बाजूले जाचं होतं.

वापस येताना पट्टी पाठीवर वाजत होती.

साडेनवाले पाळीवर पोचलो तं जाळं पसरलं होतं. मोठं, निळं-हिरवं, एका टोकापासून दुसरं टोक दिसत नव्हतं. आमची जागा मधात, चैतरामाच्या अन् गोविंदाच्या घरामधात. तिथी लटारूभाऊ उकिडवा बसून त्या दोघांच्या पट्ट्या एकमेकीले गाठवून राह्यला होता. लटारूभाऊ सोसायटीचा मुखिया, सत्तरीचा, पान्यात सगळ्यात अगुदर तोच उतरते. बाबा थोडा दूर, काठीवर हनुवटी टेकवून बसला होता.

"ती गाठ सोडा!" म्या गाडीवरूनच ओरडलो.

लटारूभाऊनं मान वर केली नाई. "तुह्या बापानं सांगतलं, आमचं घर यंदापासून नाई."

"घर हाय. पट्टी हाय." म्या खांद्यावरची दाखवली.

"पट्टी हाय, मानूस कुठी हाय?"

"मी हाय!"

"तू?" आता त्यानं पाह्यलं. "मागच्या पोळ्याले मले 'बुढ्ढा बेंडूक' म्हननारा तूच ना?"

सगळी पाळ हसली. बेचाळीस घरचे मानसं, बाया, पोट्टे, मंगरूचा पोरगा बर्फाजवळ. मी गाडी फिरवून तिथूनच जाऊ शकलो असतो. कान तसेच गरम झाले. पन खांद्यावर एकशे सात गोळे होते, ते हालू देत नव्हते. मी खाली बसलो, लटारूभाऊएवढा उकिडवा.

"म्हनलं होतं," मी म्हनलं. "चुकलं. भाऊ, माही पट्टी बांधू द्या. मी घुग्घुसले जात नाई." हे शेवटचं मी लटारूभाऊले नाई म्हनलं. जोरात म्हनलं, काठीवाल्याले आयकू जाईन असं.

लटारूभाऊनं तोंडातला खर्रा थुकला. बोटानं ती गाठ चाचपली. मंग सोडली. एक, दोन, सगळ्या.

"सूर्य वर चालला. लवकर बांध. अन् रागानं बांधू नोको."

हे त्याले कोनी सांगतलं, मले मालूम नाई. मी दोरा ओढला, बोटाले इचारलं, बसली का. दुसरी गाठ मारत होतो तं बाजूले काठी पडल्याचा आवाज आला. बाबा खाली बसला होता, सुजलेला पाय पुढं लांब करून. त्यानं पट्टीचं दुसरं टोक घेतलं अन् गाठी माराले सुरुवात केली. खालच्या दोरावर हात फिरवत गेला, फिरवत गेला, अन् थांबला.

"एक गोळा कमी हाय."

"देवाभाऊच्या खिशात हाय."

बाबानं पाळीवरचा एक दगड उचलला, हातावर तोलला, टाकला. दुसरा उचलला. तो बसला. त्याले दोऱ्यानं चार वेढे देऊन त्यानं रिकाम्या जागी बांधला, दातानं दोरा तोडला अन् म्हने, "पायात जाळं गुतू देऊ नोको. टाच वर ठेव."

आता फोन वाजून राह्यला. वैनीचा हाय, गाडीतूनच. "भाऊजी, झालं का? पोचले का? हे म्हनतेत हाजरी आयकव!" मांगून देवाभाऊचा आवाज, गाडीचा आवाज, कोनाचं तरी लेकरू रडते. तिकडं लटारूभाऊ छातीइतक्या पान्यात उभा राहून एकेक घराचं नाव घेऊन राह्यला. जो तो 'हाय' म्हनून पान्यात उतरून राह्यला. चैतरामाचं घर? हाय! मी फोन वर धरला.

"दादाजीचं घर?"

दादाजी म्हंजे माहा बाबा. म्या त्याच्याकडं पाह्यलं. त्यानं तोंड मिटून घेतलं, अन् हनुवटीनं मले दाखवलं, पानी.

"हाय!" म्या ओरडलो. फोनमधून वैनी अशी किंचाळली का पाळीवरचे पोट्टे वळून पाह्यले.

फोन मायजवळ देऊन देतो. पान्यात नेता येत नाई. बोलावून राह्यले, मले आता जा लागते.